निवडणुकीच्या वर्षातली नानकटाई

दादा कोंडके यांचं मूळ गाव इंगवली, भोर तालुक्यातलं. जन्म 8 ऑगस्ट 1932 चा, तो मुंबईत. वाढले नायगावच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या घरात. भोर-वेल्ह्याच्या किती घरांची गोष्ट अशीच आहे! डोंगरातली भातखाचरं सगळ्या भावांना पुरायची नाहीत. मग एकाने जमीन धरायची आणि बाकीच्यांनी मुंबई गाठायची. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी मशीद बंदरला हमालीला. चैत्रात जत्रेला सगळे गावाकडे. त्यामुळे 1971 साली ‘सोंगाड्या’तला नाम्या पडद्यावर आला, तेव्हा आमच्या भागातल्या माणसांना तो कुणी लांबचा नट वाटलाच नाही. बोलणं घरचं, चालणं घरचं, आणि आईला ‘आये’ म्हणून मारलेली हाकसुद्धा घरचीच.

हे सगळं मनात येतं ते बहुतेक रविवारी दुपारी, ओव्हन तापत ठेवल्यावर. घरी भाजण्याच्या कामात हाताला काम थोडं आणि थांबणं फार. पीठ मुरेपर्यंत थांबा, भट्टी तापेपर्यंत थांबा, भाजून निघालं की गार होईपर्यंत थांबा. समोर टीव्हीवर जुना मराठी सिनेमा चालू असतो. ओट्यावर फोन पडलेला असतो आणि त्यावर तालुक्याचं राजकारण मिनिटामिनिटाला येऊन आदळत असतं. कोण कुणाच्या गाडीत दिसला, कुणी कुणाचा सत्कार घेतला, कुणाच्या फ्लेक्सवरून कुणाचा फोटो गेला. सिनेमा, राजकारण आणि पीठ अशा तीन गोष्टी एकाच दुपारी एकाच घरात असल्या की मन एकीवरून दुसरीवर जातंच.

आमच्या लहानपणी घरात ओव्हन नव्हता. नानकटाई बेकरीतून करून आणायची. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत. आई पितळेच्या डब्यात मैदा, रवा, पिठीसाखर घ्यायची आणि दुसऱ्या डब्यात डालडा. साजूक तूप चैनीचं होतं. बाजारपेठेतल्या बेकरीत आधी जाऊन नंबर लावायचा. आपला नंबर आला की बेकरीतला माणूस परातीत तूप फेसायला घ्यायचा, आणि मग आम्ही पोरं काळ्या पत्र्याच्या ट्रेवर गोळे मांडून अंगठ्याने दाबायचो. ट्रे भट्टीत गेला की बाहेरच्या बाकावर बसायचं. भट्टी लाकडाची, तिला घाई ठाऊक नाही. पुढे चार घरांचे ट्रे असले तर दुपारची संध्याकाळ व्हायची.

त्या बाकावर मी जेवढं राजकारण ऐकलं तेवढं पुढे कुठल्या सभेत ऐकलं नाही. आणीबाणी उठून गेलेली, जनता पक्षाचं सरकार आलेलं. काँग्रेसच्या घरातली वहिनी आणि जनता पक्षवाल्या मास्तरांची बायको एकाच बाकावर, मांडीवर रिकामे डबे घेऊन. नसबंदीवरून दोघींची जुंपायची. आवाज चढायचे. पण उठून जाणार कुठे? दोघींच्या नानकटाया आत भट्टीत होत्या. तासाभराने भांडण कुणाच्या तरी सुनेच्या डोहाळजेवणावर जाऊन संपायचं, आणि पहिला ट्रे बाहेर आला की जिचा असेल ती दुसरीच्या पोरांच्या हातावर एकेक गरम नानकटाई ठेवायची. मी त्या पोरांपैकी एक आहे.

आता मी घरी करते ती नानकटाई साजूक तुपाची. पाव किलो तूप, पाव किलो पिठीसाखर, तीनशे ग्रॅम मैदा, मूठभर बेसन, दोन चमचे रवा, वेलदोडा. सगळी करामत तूप फेसण्यात. हाताने, एकाच दिशेने, पांढरं होईपर्यंत. झालं की नाही हे बघायची जुनी रीत म्हणजे वाटीभर पाण्यात थेंब टाकायचा. तरंगला तर झालं, तळाशी गेला तर पुन्हा हात घालायचा. मग साखर, मग पीठ. मळायचं नाही, नुसतं एकत्र आणायचं. 160 अंशावर अठरा-वीस मिनिटं. वर बारीक तडा गेला आणि कड किंचित तांबूस दिसली की काढायची. बाहेर काढते तेव्हा ती मऊच असते. इथे धीर धरला नाही तर हातात भुगा येतो.

नाचणीची बिस्किटं मात्र अजून जिकिरीची. वेल्ह्याकडची वरकस जमीन, म्हणजे डोंगरउताराची, भाताला न चालणारी. तिथे नाचणी आणि वरी. माझ्या सासरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या नाचणीची भाकरी खाल्ली आणि पाहुणा आला की ती झाकून ठेवली, कारण ती गरिबाची. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं आणि शहरात नाचणीला मान आला, याचा मला मनापासून आनंद झाला. नाचणीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून नुसत्या नाचणीचं बिस्किट उभं राहत नाही. पीठ आधी मंद आचेवर भाजून घ्यायचं, खरपूस वास सुटेपर्यंत. त्यात तिसरा हिस्सा कणीक, चिरलेला नाही तर पावडर केलेला गूळ, तूप, आणि लागलंच तर चमचाभर दूध. गोळा अर्धा तास झाकून ठेवला की लाटता येतो.

ओव्हन आल्यामुळे भाजणं आलं असं काही नाही, हेही सांगायला हवं. माझ्या आत्याला वरंधा घाटाखाली, महाडकडे दिलेली. श्रावणात ती तवशाचं धोंडस करायची. किसलेली जून काकडी, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं; जाड बुडाच्या पातेल्यात घालून चुलीवर ठेवायचं आणि वरच्या झाकणावर निखारे. खालून आच, वरून आच. घाट उतरून आत्याकडे गेलं की त्या निखाऱ्यांचा आणि गुळाचा वास अंगणातच भेटायचा. तो पदार्थ म्हणजे केकच. अंडं नाही, सोडा नाही, घड्याळ नाही.

बेकरीच्या बाकासारखीच दुसरी जागा होती, ती म्हणजे तंबू. दिवाळी सरली, भात झोडून झालं की फिरत्या टॉकीजवाले जत्रेजत्रेने हिंडायचे. ट्रकमधून प्रोजेक्टर, जनरेटर, तंबूचं कापड. संध्याकाळपासून कर्ण्यावर देवाची गाणी, मग आजच्या खेळाची जाहिरात. खाली जमीन, घरून आणलेलं पोतं नाही तर घोंगडी अंथरायची. मधे कनात, एका बाजूला बाया, एका बाजूला गडी. रीळ बदलताना अंधार, आणि त्या अंधारात कुणीतरी पुढची गोष्ट आधीच सांगून टाकायचं. या टॉकीजवाल्यांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट झाला, तो 2016 साली कान महोत्सवात गेला. मी तो पाहिला आणि फार वेळ काही बोलू शकले नाही. गंजलेल्या प्रोजेक्टरला तेल घालणारा तो माणूस माझ्या ओळखीचा आहे असंच वाटत राहिलं.

तंबूत पाटील बसायचा आणि त्याचा सालगडीही बसायचा. पडद्यावर निळू फुले आले की बायांच्या बाजूने शिव्यांचा भडिमार सुरू व्हायचा. खोटं नाही, खऱ्या शिव्या. कारण तो सरपंच, तो चेअरमन, तो सावकार प्रत्येकीने कुठे ना कुठे पाहिलेला होता. एरवी ज्याच्यासमोर पदर सावरून उभं राहायचं, त्याला तिथे तोंडावर बोलता यायचं, आणि शेजारची बाईही तेच बोलतेय हे कानाने कळायचं. मला वाटतं त्या काळच्या सिनेमाने आमच्या मुलखाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही. राज्य करणाऱ्याला सगळ्यांनी मिळून, एका जागी बसून पाहणं. रागवायचं तर सोबत, हसायचं तर सोबत.

आणि पडद्यावरची माणसंही कशी! दादा कोंडके आणि निळू फुले हे दोघेही राष्ट्र सेवा दलातून आलेले. निळूभाऊ पुण्याचे, तरुणपणी सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले, 1968 साली ‘एक गाव बारा भानगडी’तून सिनेमात आलेले. ते अखेरपर्यंत समाजवादी राहिले आणि अभिनेते डॉ. लागूंच्या बरोबरीने सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झटले. दादांची वाट वेगळी झाली. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’चे दीड हजारांवर प्रयोग त्यांनी केले. त्या वगातल्या राजा-प्रधानाच्या आडून त्या त्या दिवसाच्या पुढाऱ्यांना ते चिमटे काढायचे. आज पेपरात आलं ते रात्री रंगमंचावर. ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळेना तेव्हा शिवसेना मागे उभी राहिली, आणि दादा पुढे सेनेच्या प्रचारातही दिसले. एकाच कलापथकाच्या मांडवाखालून दोघे निघाले आणि दोन वेगळ्या झेंड्यांखाली गेले. पण आमच्या तंबूत दोघांचेही सिनेमे लागायचे, आणि कनातीच्या दोन्ही बाजूंना सगळ्या झेंड्यांची माणसं असायची.

दादांच्या सगळ्याच सिनेमांवर माझं प्रेम नाही, हे स्पष्ट लिहिते. पुढे पुढे त्यात बाईकडे बघण्याची जी नजर आली ती मला तेव्हाही बोचायची, आजही बोचते. ‘सोंगाड्या’ आणि ‘एकटा जीव सदाशिव’ यांतला भाबडा माणूस मला हवा आहे. त्याच्या भाबडेपणासमोर गावातल्या शहाण्यांचं पितळ उघडं पडायचं. नंतरच्या सिनेमांत तो भाबडा माणूस उरला नाही.

मी परत परत बघते तो ‘सामना’. डॉ. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, विजय तेंडुलकरांचं लेखन, 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. निळू फुले हिंदुराव धोंडे पाटील झालेत. कारखाना त्यांचा, सोसायटी त्यांची, अख्खं गाव त्यांचं. आणि तिथे वाट चुकून आलेला एक दारुडा म्हातारा मास्तर, डॉ. लागूंचा. त्या मास्तराकडे पक्ष नाही, पैसा नाही, धड शुद्धही नाही. त्याच्याकडे एक प्रश्न आहे: मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे काय झालं? तो प्रश्न तो सोडत नाही. पाटील त्याला दारू पाजतो, मान देतो, मैत्रीसुद्धा करतो. प्रश्न तिथल्या तिथे. मला त्या सिनेमातलं सगळ्यात मोलाचं हे वाटतं की पाटलालाही आतून तो मास्तर हवासा वाटतो. इतकी वर्षं खरं बोलणारं कुणी त्याला भेटलेलंच नसतं. निळू फुल्यांचा चेहरा बघा त्या प्रसंगांत. डोळ्यांत दरारा असतो आणि त्याच्याच मागे एकटेपणा असतो.

चार वर्षांनी, 1979 मध्ये, त्याच पटेल-तेंडुलकर जोडीने अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून ‘सिंहासन’ केला. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू अर्थमंत्री, आणि निळू फुले या वेळी पत्रकार दिगू टिपणीस. खरोखरच्या राज्यात तेव्हा शरद पवार पहिल्यांदा मुख्यमंत्री होते. आमदार इकडून तिकडे जातात, खुर्ची हलते, पुन्हा स्थिर होते, आणि हे सगळं जवळून बघणारा दिगू शेवटी वेडा होतो. शाळेत असताना तो शेवट मला कळला नव्हता.

2024 साली कळला. 7 मे रोजी बारामती लोकसभेचं मतदान झालं. भोर आणि वेल्हे त्याच मतदारसंघात. जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटलेली. एका बाजूला सुप्रिया सुळे, दुसऱ्या बाजूला सुनेत्रा पवार. नणंद आणि भावजय. सुळे निवडून आल्या. नोव्हेंबरात विधानसभा लागली. तीन वेळा आमदार झालेले काँग्रेसचे संग्राम थोपटे पडले, अजित पवारांच्या पक्षाचे शंकर मांडेकर आले. एप्रिल 2025 मध्ये थोपटे भाजपमध्ये गेले. नेत्यांनी काय करावं तो त्यांचा निर्णय, त्यावर मी इथे निवाडा देत नाही. मला सांगायचंय ते खालच्या माणसांचं. ज्यांनी आपल्या नेत्यासाठी सख्ख्या चुलत्याशी बोलणं टाकलं, एकमेकांच्या लग्नाच्या पंगतीत जेवणं सोडलं, ती पोरं एका सकाळी उठली तर ज्याला शिव्या घातल्या त्याच्याच मंचावर बसायची वेळ आलेली. मंचावरचे हार बदलले. घरातली तुटलेली बोलणी मात्र कुणी जोडून दिली नाहीत.

आमच्या भावकीतल्या दोन जावा अशाच अबोल झाल्या. दोघींच्या घरावर दोन वेगळ्या पक्षांचे झेंडे. पाण्याची टाकी एक, वाट एक, आणि दोन वर्षं शब्द नाही. दोघींचे नवरे दोन वेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत. ह्या गटात येतं ते त्या गटात येत नाही. एकच तालुका, पण दोघांच्या फोनमध्ये दोन वेगळे तालुके.

ज्यावर खरं भांडायला हवं ते मुद्दे दोन्ही फोनांत नाहीत. भाटघरचं धरण 1928 चं, लॉईड धरण म्हणून बांधलेलं. त्याच्या वर भोरची किती गावं बुडाली, उठली. पाणी नीरेत सुटतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणपर्यंत जातं. नीरा देवघर आमच्याच डोंगरात, गुंजवणी आमच्याच डोंगरात, पानशेत-वरसगाव वेल्ह्यात. एवढं पाणी अडवणाऱ्या मुलखात वरच्या वाड्यावस्त्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची आणि पंचायत समितीची मुदत संपली, आणि पुढे किती तरी वर्षं निवडणूकच झाली नाही, प्रशासकाचा कारभार होता. विहिरीचा, रस्त्याचा, अंगणवाडीच्या पत्र्याचा प्रश्न घेऊन बाईने कुणाच्या दारात जायचं? वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायचं मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं. मला ते नाव प्रिय आहे. महाराजांची राजधानी जिथे पंचवीस वर्षांहून अधिक नांदली त्या गडाचं नाव तालुक्याला मिळावं यात वावगं काय? पण त्या नावाबरोबर पाणीही यावं आणि अवघड बाळंतपणाला पुण्याची वाट धरावी लागू नये, एवढं मागायचा हक्क राजगडाच्या पायथ्याच्या बाईला आहे, आणि तो तिने मागितलाच पाहिजे.

म्हणून यंदा भातझोडणी उरकल्यावर सासरच्या गावी देवळाच्या सभामंडपात आम्ही ‘सामना’ लावला. शाळेचा प्रोजेक्टर, भिंतीवर पांढरी चादर, घरोघरच्या सतरंज्या. मी आदल्या दिवशी नाचणीची बिस्किटं आणि नानकटाई केली होती, दोन्ही मिळून चांगले पाच-सहा डबे. त्या दोन्ही जावांना मी मुद्दाम मदतीला बोलावलं होतं, वेगवेगळं सांगून. आल्या. एकीने तूप फेसायला घेतलं, दुसरीने गोळे केले. तासभर माझ्याशीच बोलत राहिल्या, मधे मी. मग मोठीने पाण्यात थेंब टाकून बघितला, तो बुडाला, आणि धाकटी पटकन म्हणाली, “आक्का, द्या इकडं, तुमचा हात भरून आला आसंल.” परात हातातून हातात गेली.

सिनेमा संपायला साडेअकरा झाले. कुणी उठलं नाही. पोरांनी आधी मास्तराच्या बाजूने टाळ्या वाजवल्या, मग एक म्हातारे अण्णा म्हणाले, मास्तर खरा खरा म्हणता, पण दारू पिऊन खरं बोलणाऱ्याचं गाव ऐकतं का? त्यावर जुंपली. हिंदुरावांनी गावात कारखाना आणला, हाताला काम दिलं, त्याचं काय, असं एकाने विचारलं. काम दिलं म्हणून माणूस गायब करायचा परवाना मिळतो का, असं त्याच्याच चुलतभावाने उलट विचारलं. हे दोघे निवडणुकीपासून एकमेकांच्या समोर आले नव्हते. मग बोलणं सिनेमावरून विहिरीवर आलं आणि विहिरीवरून टँकरच्या बिलावर. कुठल्या वाडीला किती फेऱ्या लिहिल्या आणि किती आल्या हे दोन बाया मोठ्याने सांगत होत्या, आणि दोन्ही पक्षांची पोरं ते एकाच वहीत लिहून घेत होती. पंधरवड्याने ती वही घेऊन बारा-पंधरा जणं पंचायत समितीत गेली. त्यांत दोन्ही जावा होत्या.

पुढच्या वेळी ‘सिंहासन’ लावायचा की ‘सोंगाड्या’, यावर अजून एकमत नाही. म्हाताऱ्यांना दादा हवेत, पोरांना खुर्चीचं राजकारण. मी म्हणते दोन्ही लावू, लागोपाठच्या दोन शनिवारी. धाकट्या जावेचा निरोप आलाय की नाचणीच्या बिस्किटांत गूळ थोडा कमी घाला, आणि या वेळी निदान दहा डबे करा, कारण पलीकडच्या वाडीची माणसंही येणार म्हणतायत.